मुक्या पेशंटांचे दिनशॉशेठ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघं खोपोलीहून खालापूरला येत होतो. जुन्या हायवेच्या कडेला, एका बंद टपरीच्या मागे, एक तांबडा घोडा उभा होता. उभा कसला, तोल सांभाळत होता. बरगड्या मोजता येतील इतका खंगलेला, पाठीवर खोगिराची जुनी जखम, त्यावर माश्या. पुढचे खूर वाढून वाकडे झालेले. मालकाचा पत्ता नाही. आमच्यातल्या एकीनं आधी मोबाईल काढला, मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं आणि तिनं तो परत खिशात ठेवला.

आम्ही काय केलं, तर चूक केली. जवळच्या दुकानातून हरभऱ्याची डाळ आणली आणि घमेलंभर त्याच्यापुढे ठेवणार, तेवढ्यात आम्ही फोन करून बोलावलेले जनावरांचे सरकारी डॉक्टर पोचले. त्यांनी आधी घमेलं उचललं. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम दाणा दिला, तर तो जगण्याऐवजी मरू शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आधी पाणी, मग थोडं थोडं गवत, दर काही तासांनी. दाण्याचा विचार खूप नंतर. जखम धुता धुता डॉक्टरांनी सहज सांगितलं की ते परळच्या व्हेटरनरी कॉलेजचे विद्यार्थी, आणि ते कॉलेज एका गिरणीमालकानं बांधलेल्या जनावरांच्या दवाखान्याशेजारी सुरू झालं होतं.

गिरणीमालक आणि जनावरांचा दवाखाना? हे कॉम्बिनेशन डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला बसले आणि भेटले सर दिनशॉ माणेकजी पेटिट.

कारकून ते गिरणीमालक

आधी आडनावाची गंमत. पेटिट हे नाव पारशी नाही, फ्रेंच आहे. दिनशॉजींचे पूर्वज अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईला आले आणि जहाजांच्या व्यवहारात फ्रेंच व्यापाऱ्यांबरोबर काम करू लागले. मूर्ती लहान, म्हणून फ्रेंचांनी त्यांना आपल्या भाषेत लहानखुरा म्हणायला सुरुवात केली. फ्रेंच गेले, टोपणनाव राहिलं. पुढे तेच आडनाव मुंबईतल्या सगळ्यांत श्रीमंत घराण्यांपैकी एकाचं झालं.

दिनशॉजींचा जन्म 30 जून 1823 चा. त्या काळच्या रीतीप्रमाणे 1837 मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्यांचं साकरबाईंशी लग्न झालं. आपण ज्या वयात अकरावीच्या ॲडमिशनची कटऑफ बघत असतो, साधारण त्या वयात ते एका इंग्रज व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागले. मालाची आवक-जावक, दलाली, हिशेब हे सगळं तिथेच शिकले.

तेव्हा मुंबई बदलत होती. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. लगोलग दिनशॉजींचे वडील माणेकजी यांनी ओरिएंटल मिल उभी करायला घेतली. 1859 मध्ये वडील गेले आणि पुढच्याच वर्षी दिनशॉजींनी त्यांच्या नावानं माणेकजी पेटिट मिल सुरू केली. नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचं वेड लागलं. 1865 च्या जुलैमध्ये तो फुगा फुटला. भल्याभल्या पेढ्या बुडाल्या, पण पेटिटांच्या गिरण्यांचे भोंगे वाजतच राहिले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या नावावर एकामागून एक गिरण्या जमा झाल्या.

इथपर्यंतची स्टोरी कुठल्याही बिझनेसवाल्या पॉडकास्टमध्ये बसेल. आता घोड्यांकडे येऊ.

घोड्यांवर चालणारं शहर

आज मुंबई लोकलवर चालते. तेव्हा ती घोड्यांवर आणि बैलांवर चालायची. साहेबांच्या बग्ग्या, भाड्याच्या व्हिक्टोरिया, शिग्राम, मालाचे खटारे. अरबस्तानातून जहाजं भरून घोडे मुंबईच्या बाजारात यायचे. त्यात 9 मे 1874 रोजी ट्राम सुरू झाली. ट्राम म्हणजे रुळांवरचा डबा, आणि तो ओढायला एक किंवा दोन घोडे. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. कंपनीकडे सुरुवातीला 900 घोडे होते आणि 1905 मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा 1,360.

हे आकडे वाचताना मला खोपोलीचा तो एक घोडा आठवत होता. मुंबईचं ऊन, तापलेला रस्ता, भरलेला डबा, आणि पावसाळ्यात निसरडे दगड. घोडा घसरला की पाय जायचा. साज नीट बसला नाही की छातीवर, खांद्यावर घासून जखम व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच साज त्याच जखमेवर. मालक दुष्टच असायचा असं नाही. व्हिक्टोरियावाल्याचा घोडा एक दिवस घरी बसला, तर त्या दिवशी चूलही बसायची.

योगायोग बघा. ज्या 1874 मध्ये ट्राम आली, त्याच 1874 मध्ये मुंबईत जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध काम करणारी सोसायटी, म्हणजे एसपीसीए, स्थापन झाली. माणसं रस्त्यावर लक्ष ठेवू लागली. लंगडणारा, जखमी घोडा जुंपला की मालकाला कोर्टात खेचायचं आणि दंड करायचा.

पण दंड झाल्यावर घोड्याचं काय? मालक दंड भरणार आणि तो वसूल करायला तोच घोडा पुन्हा जुंपणार. जनावर ताब्यात घ्यायचं म्हटलं, तर ठेवायचं कुठे? मुंबईत पांजरपोळ होता, 1834 पासून. ती फार मोठी परंपरा. पण पांजरपोळ म्हणजे जनावराला मरेपर्यंत आसरा. त्याला बरं करून पुन्हा पायावर उभं करायचं तर डॉक्टर, औषधं आणि मोकळी जागा लागते. थोडक्यात, हॉस्पिटल लागतं.

साकरबाईंच्या नावाचं हॉस्पिटल

ते दिनशॉजींनी दिलं. परळला जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याला पत्नीचं नाव मिळालं: बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. 1884 मध्ये लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते ते सुरू झालं. देवळाला, धर्मशाळेला, शाळेला घरच्यांचं नाव द्यायची पद्धत होतीच. पण लंगड्या घोड्यांच्या आणि खरचटलेल्या बैलांच्या दवाखान्याला बायकोचं नाव देणं, हे मला तरी फार गोड वाटलं.

याचा खरा फायदा काय झाला, तर दंड आणि उपचार या दोन गोष्टी जोडल्या गेल्या. 1890 मध्ये जनावरांच्या छळाविरुद्ध देशभरासाठी कायदा आला. कामाला नालायक झालेलं जनावर जुंपलं, तर मॅजिस्ट्रेट त्याला ते बरं होईपर्यंत दवाखान्यात पाठवू शकेल आणि खर्च मालकाकडून घेता येईल, अशी सोय त्यात होती. अशी सोय कागदावर असून भागत नाही. पाठवायला दवाखाना असावा लागतो. मुंबईत तो आधीच उभा होता.

दुसरा फायदा आपल्या डॉक्टरांपर्यंत पोचतो. 2 ऑगस्ट 1886 रोजी याच हॉस्पिटलला जोडून बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. त्यामागे लष्करातले पशुवैद्य जॉन हेन्री स्टील होते. घोड्यांच्या आजारांवर त्यांचा मोठा अभ्यास होता. पेशंट एका भिंतीपलीकडे आणि वर्ग दुसऱ्या भिंतीपलीकडे, अशी ती व्यवस्था. जनावरांचा डॉक्टर हा पुस्तकातून नाही, तर गोठ्यात आणि पागेत तयार होतो. तिथून शिकलेले डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. त्यांच्यापैकीच एक, सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनी, पावसात खोपोलीजवळ आमच्या हातातलं घमेलं काढून घेत होता.

दिनशॉजींना मानसन्मान भरपूर मिळाले. 1886 मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, पुढच्या वर्षी सर झाले आणि 1890 मध्ये बॅरोनेट. जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्यानंतर हा किताब मिळालेलं हे दुसरं भारतीय घराणं. 5 मे 1901 रोजी ते वारले.

त्याच परळमध्ये, त्याच वर्षी

इथे थांबले असते तर लेख छान गोड झाला असता. पण 1884 हे साल आणखी एका जागी दिसलं आणि मी अडकले.

त्याच 1884 च्या सप्टेंबरमध्ये, परळच्याच सुपारीबागेत, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळायला 1890 चा जून उजाडला, म्हणजे सहा वर्षं गेली.

म्हणजे एकाच परळमध्ये थकलेल्या घोड्याला विश्रांती मिळावी म्हणून एक गिरणीमालक हॉस्पिटल बांधत होता, आणि गिरण्यांमधली माणसं अर्ध्या तासाच्या विश्रांतीसाठी अर्ज करत होती. हे वाचून मला आधी राग आला. सगळा लेखच रद्द करावा असं वाटलं. मग वाटलं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तर दोन्ही सांगू. हॉस्पिटल चांगलं होतं म्हणून गिरणीतला दिवस लहान होत नाही. आणि गिरणीतला दिवस मोठा होता म्हणून त्या हॉस्पिटलात बरा झालेला घोडा खोटा ठरत नाही. शिवाय दोन्हीकडची मागणी मुळात एकच आहे: जो आपल्यासाठी राबतो, त्याला थकायचा हक्क आहे. लोखंड्यांना ती माणसांसाठी मागावी लागली, कारण माणसं बोलू शकत होती. घोड्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागतं, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे

मुंबईच्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं बंद व्हायच्या मार्गाला लागल्या. पण आपल्या कर्जत-खालापूरमध्ये घोडा अजून पोटापाण्याचा साथी आहे. माथेरानला गाड्यांना बंदी. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट आपल्या चौक गावातून वर चढला, त्यानंतर तिथे वस्ती वाढली, आणि आजही दस्तुरीनाक्यापासून पर्यटक आणि सामान घोड्यावरून जातं. तिथे आपला घोडा मुलासारखा सांभाळणारे घोडेवाले मी पाहिलेत. रोज खरारा, वेळेवर तोबरा, दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून खूर कापून नवे नाल. प्रश्न असतो तो घोडा म्हातारा झाल्यावर, किंवा सीझन बुडाल्यावर. जनावर कमवायचं थांबतं, भूक थांबत नाही.

पुढच्या वेळी फिरायला गेलात तर एवढंच बघा. खोगिराखाली जखम आहे का? लंगडतोय का? बरगड्या दिसतायत का? असेल, तर त्या घोड्यावर बसू नका आणि का बसत नाही ते घोडेवाल्याला शांतपणे सांगा. बेवारस, आजारी घोडा दिसला तर रील नंतर, आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन. आणि प्लीज, घमेलंभर डाळ नको. पाणी आणि मूठमूठ गवत.

आमच्या तांबड्याचं काय झालं? एका शेतकरी काकांनी त्याला गोठ्यात जागा दिली. पहिले दहा दिवस आम्ही पाळी लावून गवत टाकायला जायचो. खूर दोन टप्प्यांत कापावे लागले. जखम भरायला महिना गेला. दिवाळीपर्यंत बरगड्या झाकल्या गेल्या, पण पाठीवर जखमेच्या जागी पांढरे केस आले, ते आता तसेच राहणार. काम तो करत नाही. सकाळी बांधावर उभा राहून हायवेकडे बघत असतो.

साकरबाईंच्या नावाचं हॉस्पिटल परळला अजून चालू आहे. मुंबईत इंटर्नशिपला जाताना एकदा मुद्दाम गेटपर्यंत जाऊन आले. आत जायचं काही काम नव्हतं. फक्त नाव वाचलं आणि परतीची लोकल पकडली.