तुसाँ लुव्हर्त्यूर : मुक्तिदाता आणि तहहयात सत्तेचे कलम

७ एप्रिल १८०३. फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातील फोर्ट द जू या किल्ल्याच्या थंडगार कोठडीत एक वृद्ध काळा कैदी मरण पावला. त्यांचे नाव तुसाँ लुव्हर्त्यूर. पुढच्या नऊ महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८०४ रोजी, हैती हा गुलामांनी लढून मिळवलेला स्वतंत्र देश जन्माला आला. तुसाँ यांचा लढा आपल्या अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी आपल्या देशाला कोणती राज्यव्यवस्था दिली, यावर आपण फारसे बोलत नाही.

हैती तेव्हा सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती. सुमारे पाच लाख गुलामांच्या घामावर तिथली साखर आणि कॉफी पिकत होती. तुसाँ यांचा जन्म १७४३ च्या सुमारास उत्तरेकडील ब्रेदा मळ्यावर गुलामाच्या पोटी झाला. ते जनावरांची देखभाल करत, मालकाची बग्गी हाकत. वयाच्या तिशीत त्यांची गुलामीतून सुटका झाली. त्यानंतर काही काळ त्यांनी कॉफीचा मळा खंडाने घेतला आणि त्यावर गुलामच राबत होते. चरित्र सांगताना ही गोष्ट लपवू नये. व्यवस्था माणसाला कशी आपल्यात ओढून घेते, ते त्यातून कळते.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेत गुलामांचे बंड पेटले. तुसाँ त्यात सामील झाले. आधी ते स्पेनच्या बाजूने लढले. फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतिकारी सरकारने गुलामगिरी रद्द केली, त्यानंतर ते फ्रान्सकडे आले. १७९८ मध्ये इंग्रज सैन्याला बेट सोडावे लागले. १८०१ पर्यंत स्पॅनिश भागासह संपूर्ण बेट तुसाँ यांच्या हाती होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी राज्यघटना जाहीर केली. तिच्या सुरुवातीच्या कलमांनी गुलामगिरी कायमची नष्ट केली. कोणत्याही रंगाच्या माणसाला कोणतेही काम, कोणतेही पद मिळू शकेल, असे तिने मान्य केले. जगात सर्वत्र गुलामांचा बाजार भरत असताना हे लिहिले गेले, म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

पण त्याच घटनेत दुसरीही कलमे होती. तुसाँ तहहयात गव्हर्नर असतील. आपला वारसदार तेच निवडतील. कायद्याचे प्रस्ताव तेच मांडतील. ही घटना बनवणाऱ्या सभेत फक्त दहा जण होते, बहुतेक गोरे. मळ्यात राबणाऱ्या माणसाला तिथे जागा नव्हती. त्याच्या वाट्याला काय आले? मळा म्हणजे कुटुंब, मालक म्हणजे बाप, आणि मजूर म्हणजे लेकरे. मजुराला उत्पन्नात हिस्सा ठरला, पण मळा सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. ज्याला स्वतःच्या जमिनीचा तुकडा हवा होता, त्याला पुन्हा त्याच उसात उभे केले गेले, फरक एवढाच की आता पहारा आपल्याच माणसांच्या सैन्याचा होता.

तुसाँ यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. निर्यात थांबली तर बंदुका आणि दारूगोळा कशाने विकत घ्यायचा, हा प्रश्न खरा होता. पण ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेतल्या मजुरांनी उठाव केला. त्यांच्यात लोकप्रिय असलेला सेनापती मोईज हा तुसाँ यांचा पुतण्या मानला जाई. तुसाँ यांनी त्यालाच मृत्युदंड दिला. दोन-तीन महिन्यांनी नेपोलियनची फौज किनाऱ्यावर उतरली, तेव्हा नेता आणि जनता यांच्यात ही दरी पडलेली होती. अनेक सरदार फुटले. मे १८०२ मध्ये तुसाँ यांनी शस्त्रे ठेवली आणि जूनमध्ये बोलणीच्या नावाखाली त्यांना दग्याने पकडून फ्रान्सला नेले.

गुलामगिरी परत येणार हे लोकांनी ओळखले आणि ते पुन्हा उठले. देसालिन यांच्या नेतृत्वाखाली ते जिंकले. पण तहहयात सत्तेचे ते कलम मेले नाही. देसालिन सम्राट झाले, १८०६ मध्ये त्यांची हत्या झाली. उत्तरेत क्रिस्तोफ राजा झाले. दक्षिणेत पेतियों यांनी प्रजासत्ताक चालवले, पण १८१६ च्या घटनेने तिथेही अध्यक्ष तहहयात झाला. १९६४ मध्ये फ्रान्स्वा द्युव्हालिए यांनी तेच केले आणि सत्ता मुलाकडे गेली. १९८६ मध्ये जनतेने त्या मुलाला पळवून लावले. १९८७ च्या घटनेने अध्यक्षाला पाच वर्षांची मुदत दिली, लागोपाठ दुसरी मुदत नाकारली आणि सत्तेत पंतप्रधान व दोन सभागृहांचा वाटा ठेवला.

हैतीच्या दुर्दशेचे सगळे खापर तुसाँ यांच्यावर फोडणे अन्याय होईल. १८२५ मध्ये फ्रान्सने जुन्या मळेवाल्यांसाठी १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली. मुक्त झाल्याबद्दल गुलामांनाच दंड! १९१५ ते १९३४ अमेरिकेची फौज तिथे बसली होती. हे घाव बाहेरून आले.

तरीही एक घाव आतला होता. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तुसाँ यांचे आयुष्य वाचताना तो आठवतो. त्यांना अभिवादन जरूर करूया. पण आपल्या संघटनेत अध्यक्षाची मुदत किती, हिशोब कोण तपासतो आणि ज्याच्यासाठी लढतो तो माणूस बैठकीत बसतो का, हेही त्याच दिवशी विचारूया.