आनंदीबाईंचा क्षय आणि आपली औषधे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्राला प्रायः दोन अंगांनी परिचित आहे. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, हे एक अंग. पत्नीच्या शिक्षणाच्या ध्यासाने पछाडलेला हट्टी व विक्षिप्त पती, हे दुसरे. या चरित्राला तिसरेही एक अंग आहे व त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ज्या रोगाने आनंदीबाईंना वयाची बावीस वर्षेही पुरी करू दिली नाहीत, त्या रोगाचे कारण वैद्यकाला त्या वेळी ठाऊक झाले होते. उपाय मात्र ठाऊक नव्हता. आज उपाय ठाऊक आहे, तो सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो, आणि तरीही त्याच रोगाने भारतात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे मरतात. ही विसंगती समजून घ्यावयाची असेल तर आनंदीबाईंच्या चरित्राकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशांचे. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर, पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपाल खात्यात कारकून आणि मूळचे संगमनेरचे. म्हणजे आजच्या अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याशी आनंदीबाईंचे सासरचे नाते आहे. कारकुनाचा पगार तो केवढा आणि बदल्या तर सारख्या. पण अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा मुक्कामांतून गोपाळरावांनी पत्नीचे शिक्षण सोडले नाही. आनंदीबाई तेरा-चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. स्त्रियांची दुखणी पाहणारी स्त्री डॉक्टर आपल्याकडे असती तर, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला आणि पुढे त्यांच्या सर्व आयुष्याला त्याने दिशा दिली.

अमेरिकेशी संबंध आला तो एका पत्रव्यवहारातून. गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका मिशनऱ्याला साहाय्यासाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतील मिशनच्या नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते १८८० मध्ये वाचले आणि आनंदीबाईंना आपुलकीने पत्र पाठविले. पुढे कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंना वारंवार डोकेदुखी, ताप, अशक्तपणा आणि धाप यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा याच कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठविली. त्यांचा गुण आला नाही. तशा प्रकृतीनेच आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पती बरोबर नव्हता. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

कारण कळले, उपाय नाही

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकू लागल्या त्याच्या दीडच वर्ष आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. राजयक्ष्मा हा पूर्वकर्माचा भोग नाही, घराण्याचा दोषही नाही. एका सूक्ष्म जीवाचा तो संसर्ग आहे, हे सिद्ध झाले होते. परंतु कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत किती अंतर असते, याचे क्षयाइतके क्रूर उदाहरण दुसरे नसेल. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा, माशाचे तेल, खोकला दबविण्यासाठी अफूयुक्त औषधे, यापलीकडे त्या काळच्या वैद्यकाच्या पेटीत काहीही नव्हते.

आणि आनंदीबाईंच्या वाट्याला त्यांतील विश्रांती किंवा सकस अन्नही आले नाही. फिलाडेल्फियाची थंडी, परक्या देशातील अपुरा शाकाहार आणि अभ्यासाचे ओझे यांनी मुळातली नाजूक प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या त्या रोगजर्जर होऊनच. कोल्हापूरच्या जागेवर त्या कधीही रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. शिकलेली विद्या वापरण्याचा एक दिवसही त्यांना मिळाला नाही.

आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या ते वर्ष १८८३. त्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, १९४३ मध्ये, कार्पेंटरबाईंच्याच न्यू जर्सी राज्यात रट्गर्स येथील सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविले. क्षयाच्या जंतूला मारणारे आणि माणसाला देता येणारे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. भारतात १९५४ मध्ये पुण्याशेजारी पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्यात प्रथम पेनिसिलिन व पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. ज्या शहरात आनंदीबाई गेल्या, त्याच्या वेशीवर त्यांच्या रोगावरचे औषध बनू लागले.

औषध करते तरी काय?

जंतुनाशक द्रव्ये पुष्कळ आहेत. कार्बोलिक आम्लानेही जंतू मरतो, पण रोगीही मरेल. औषधाची खरी कसोटी ही की त्याने जंतूच्या अशा एखाद्या इंद्रियावर किंवा क्रियेवर घाव घालावा, की जी माणसाच्या पेशीत नाही किंवा निराळ्या रूपात आहे. न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूंवर पेनिसिलिन चालते, कारण या जंतूंना भोवती एक भिंत बांधावी लागते आणि पेनिसिलिन ते बांधकाम थांबविते. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. साध्या पडशाचा किंवा फ्ल्यूचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर जगतो. त्याला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना; म्हणून त्याच्यावर प्रतिजैविक निरुपयोगी ठरते. तरीही सर्दी झाली की दुकानातून चार कॅप्सूल आणून घेणारे सुशिक्षित आपल्यात कमी नाहीत.

क्षयाचा जंतू या सर्वांहून चिवट आहे. त्याच्या भिंतीवर मेणचट थर असतो, त्यामुळे बरीच औषधे आत शिरत नाहीत. तो आपल्या संरक्षक पेशींच्याच पोटात घर करून राहतो. इतर अनेक जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर याला सुमारे वीस तास लागतात. आणि पुष्कळशी औषधे वाढत्या जंतूवरच प्रहार करतात. स्ट्रेप्टोमायसिन त्याची प्रथिने बनविणारी यंत्रणा बिघडविते. १९५२ मध्ये आलेले आयसोनियाझिड मेणचट थराची घडण रोखते. रिफाम्पिसिन जंतूच्या आनुवंशिक संदेशाची नक्कल होऊ देत नाही. पायराझिनामाइड आम्लयुक्त जागी दडून बसलेल्या, जवळजवळ निद्रिस्त जंतूंना गाठते. आज नव्या रोग्याला सहा महिन्यांचा उपचार देतात. त्यातील पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असतात.

एकाऐवजी चार औषधे का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एखाद्या औषधाला जन्मतःच दाद न देणारा जंतू १० लाखांत १ असतो असे धरू. रोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीत १० कोटी जंतू असले, तर त्यांतील १०० त्या औषधातून वाचतील आणि काही महिन्यांत त्यांचीच प्रजा माजेल. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत नेमके हेच दिसले: स्ट्रेप्टोमायसिनने रोगी सुधारले आणि त्यांतील अनेक जण पुन्हा खालावले. दोन औषधे एकत्र दिली, तर दोन्हींना दाद न देणारा जंतू १ लाख कोटींत १ निघेल. इतके जंतू एका माणसात नसतातच. म्हणून औषधांची संख्या आणि उपचाराची मुदत यांत कसर करता येत नाही. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, रोग्याला बरे वाटते. पण निद्रिस्त जंतू उरलेले असतात. त्या टप्प्यावर औषध सोडणे किंवा चारांतील दोनच घेणे, म्हणजे बळकट जंतूंची निवड करून त्यांना मोकळे रान देणे होय. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोहोंनाही न जुमानणारा क्षय असाच वाढला. त्यावर बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आली आहेत, परंतु तीही वाया घालविण्याइतकी मुबलक नाहीत.

दोष कोणाचा?

अर्थशास्त्रात सामाईक कुरणाचा दाखला नेहमी दिला जातो. ज्याचा त्याचा फायदा थोडा, नुकसान मात्र सर्वांचे. औषधाचा गुण ही अशीच सामाईक ठेव आहे. एकाने केलेल्या अर्धवट उपचाराची किंमत त्याच्या खोकल्यातून संसर्ग झालेला शेजारी भरतो. परंतु येथे रोग्यालाच बेजबाबदार ठरवून मोकळे होणे न्याय्य नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले, की गरीब रोगी स्वतःच्या झोपडीत राहूनही सॅनेटोरियममधील रोग्याइतकाच बरा होतो. अट एकच, औषध नियमित मिळाले व घेतले गेले पाहिजे.

ही अट आपण कितपत पाळतो? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतो आणि चैत्राच्या आसपास परततो. गळिताचा हंगाम आणि क्षयाचा उपचार यांची मुदत जवळजवळ सारखीच! गावच्या आरोग्य केंद्रात सुरू झालेले औषध उसाच्या फडात कोणी पोचवायचे? रोग्याची नोंद आता संगणकावर असते, दुसऱ्या जिल्ह्यात औषध देण्याची सोयही आहे. पण उचल घेतलेला मजूर एक दिवसाची कोयता बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात जाणार नाही. प्रत्येक कारखान्याच्या गट कार्यालयात ही औषधे ठेवण्याची व्यवस्था करणे सहकारी साखर कारखानदारीच्या या जिल्ह्याला अशक्य नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राकडून येणारा औषधांचा पुरवठाच लांबणार म्हणून राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले. सरकारनेच खंड पाडायचा आणि रोग्याला सातत्याचा उपदेश करायचा, हे विपरीत आहे. आहाराचेही तेच. रोग्याला मिळणारी मासिक मदत २०१८ मध्ये ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. वाढ स्वागतार्ह आहे, पण मजुरी बुडालेल्या घराचा खर्च तेवढ्यात भागत नाही.

आनंदीबाईंच्या नावाने पुरस्कार आहेत, त्यांच्यावर नाटके व चित्रपट झाले आहेत. त्यांच्या काळी औषध नव्हते, म्हणून त्यांच्या मृत्यूचा दोष कोणाला देता येत नाही. आज क्षयाने मरणाऱ्याच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. पुरवठ्यात खंड पडू न देणे हे सरकारचे, औषध मजुरापर्यंत नेणे हे कारखान्याचे व स्थानिक संस्थांचे, आणि चिठ्ठीवाचून प्रतिजैविक न घेणे हे आपणा सुशिक्षितांचे काम आहे. यांतील एकही काम वैद्यकीय संशोधनाची वाट पाहत अडलेले नाही.