बाल्झाकची उधारी

ऑनोरे द बाल्झाक म्हणजे फ्रेंच कादंबरीतलं मोठं नाव. जन्म २० मे १७९९, फ्रान्समधल्या तूर गावी. घरच्यांना वाटे पोरानं कायद्याच्या धंद्यात पडावं. यानं मात्र लेखक व्हायचं ठरवलं. १८२५ च्या सुमारास प्रकाशनात पैसे घातले, मग छापखाना काढला. १८२८ पर्यंत सगळं बुडालं. कर्ज मात्र आयुष्यभर मानगुटीवर बसलं.

कर्ज फेडायचं तर लिहायला हवं, लिहायचं तर जागायला हवं, आणि जागायचं तर कॉफी! संध्याकाळी लवकर झोपायचं, मध्यरात्री उठायचं, साधूसारखा पांढरा झगा चढवून मेणबत्तीच्या उजेडात दिवस वर येईपर्यंत लिहायचं. रोज पन्नास कप ही बहुधा दंतकथा असावी. पण १८३९ साली उत्तेजक पदार्थांवर लिहिलेल्या निबंधात त्यानं स्वतःच कबूल केलंय की कॉफीचा असर दोन-तीन आठवडेच टिकतो. पुढे ती जास्त कडक करावी लागते. शेवटी तर गडी उपाशीपोटी नुसती पूड खायचा! पोटात आग, डोक्यात विचारांची फौज, आणि नंतर भयंकर चिडचिड.

आज आपल्याला यामागचं कारण माहीत आहे. मेंदूत ॲडिनोसिन साठत गेलं की झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवतं, बस्स! थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. म्हणजे ही पण उधारीच.

नव्वदच्या आसपास कथा-कादंबऱ्या लिहून झाल्या. अठरा वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर मार्च १८५० मध्ये एव्हेलिना हान्स्काशी लग्नही झालं. पण शरीर पार खचलं होतं. १८ ऑगस्ट १८५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. मूळ दुखणं हृदयाचं. एकट्या कॉफीनं मारलं असं म्हणता येणार नाही. पण वर्षानुवर्षांची जागरणं आणि कॉफीचा अतिरेक यांनी ते वाढवलं, असं त्याच्या डॉक्टरांचं मत होतं.

मित्रांनो, निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे साधारण चार कप कॉफी. त्यापुढे धडधड, हात थरथरणं, ॲसिडिटी. शिवाय रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असतं. आणि सकाळी पेपर! तेव्हा पी.एल.मध्ये रात्री दोनला पुन्हा किटली लावावीशी वाटली, तर प्लग काढा आणि सरळ झोपा. उरलेलं युनिट सकाळी सहाला उठून करा.