राजवाड्यातलं चित्र आपल्या भिंतीवर आणणारा राजा रविवर्मा

कमळावर उभी लक्ष्मी, खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती. जुन्या घरांच्या माजघरात या तसबिरी अजून दिसतात. ही चित्रं मुळात काढली राजा रविवर्मा यांनी.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, केरळमधल्या किलिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांकडून मिळाले. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या दरबारात गेले. तैलरंगाचं काम त्या वेळी कुणी सहजासहजी शिकवत नसे. दरबारात आलेल्या युरोपियन चित्रकाराचं काम बघून बघून त्यांनी ते उचललं. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि राजेरजवाड्यांची मागणी सुरू झाली.

तेव्हा चित्र म्हणजे एक वस्तूच होती. दागिना जसा एकाच्याच तिजोरीत राहतो, तसं चित्र एकाच राजाच्या भिंतीवर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी रविवर्मांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची 14 चित्रं केली. राजवाड्यात लागण्याआधी ती लोकांना बघायला ठेवली, तर ही गर्दी लोटली. पण बघून झालं की माणसं रिकाम्या हातानं घरी. चित्र गेलं वाड्यात.

त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना आधीच सुचवलं होतं की चित्रांच्या छापील प्रती काढा. अखेर 1894 साली रविवर्मांनी मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र उतरवायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त चित्रावरच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आता चित्र कॅनव्हासपुरतं राहिलं नाही. ते कागदावर बसून गावोगाव निघालं.

पण धंदा काही साधला नाही. मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्ज वाढत गेलं. शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. रविवर्मा पुन्हा कॅनव्हासकडे वळले. अखेरच्या काळात ते म्हैसूरच्या राजवाड्यासाठी पुराणातले प्रसंग रंगवत होते. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किलिमानूरला त्यांचं निधन झालं.

पुढची गंमत बघा. लोकांनी त्या कागदालाही नुसतं चित्र राहू दिलं नाही. देवीच्या साडीवर जरी चिकटवली, टिकल्या लावल्या, काच बसवली, हळदकुंकू वाहिलं. हजारो प्रतींतली एक प्रत त्या घराची स्वतःची झाली. तिकडे मूळ चित्रांना 1979 साली सरकारनं राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. ती आता देशाबाहेर विकता येत नाहीत.

म्हणून एक सांगणं आहे. घर पाडताना किंवा रंग देताना जुनी तसबीर निघाली, तर काच-फ्रेमच्या भावात भंगारवाल्याला देऊ नका. आधी खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का ते बघा. नाव नसलं तरी आजीनं रोज ज्याला कुंकू लावलं, तो कागद नुसता कागद नाही.