हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

मुंबईत प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पण ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला, मुंबईहून आलेल्या एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, संचालकपद गेलं.

पुढे कळलं, बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे चिलखत घातलेले जंतूच समजा, तेवढ्याने मरत नाहीत. म्हणूनच मुदखेड असो वा मुंबई, ऑपरेशनची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या दाबाखालच्या वाफेत ठेवतात.

१९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, तरी मुंबईची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्याला जावं लागलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते थेट १९२५ मध्ये.