विनोबांची कुदळ

वर्धा : आचार्य विनोबा भावे यांचे नाव निघाले की भूदान आठवते, 'गीताई' आठवते. व्यायाम मात्र कुणालाच आठवत नाही. कृश देह, डोक्याला हिरवी टोपी आणि अंगावर पंचा अशा या संन्याशाचा तब्येत कमावण्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही मुलांपुढे शरीराचा आदर्श कसा ठेवावा, याचा वस्तुपाठ वर्धा जिल्ह्याला याच माणसाने घालून दिला.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. प्रकृती जात्याच नाजूक होती. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी संस्कृतच्या अध्ययनासाठी वर्षभराची रजा घेऊन वाईला गेले. अभ्यासाइतकेच महत्त्वाचे आणखी एक काम त्यांनी तेथे हाती घेतले होते, ते म्हणजे ढासळलेली तब्येत सुधारण्याचे. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग जात्यावर सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि पुढे तीनशे सूर्यनमस्कार, अशी चढती साधना त्यांनी केली.

याच वाईत त्यांनी विद्यार्थी मंडळ स्थापन केले. मंडळाला वाचनालय हवे होते, पण पैसा नव्हता. तेव्हा मुले लोकांचे धान्य दळून देऊ लागली आणि त्या मजुरीतून पुस्तके आली. दळण हे बायकांचे काम मानले जाण्याचा तो काळ. शाळेत जाणाऱ्या सुखवस्तू घरच्या मुलांनी जात्याला हात लावावा, ही गोष्ट साधी नव्हती. पण स्वतः विनोबा दळत होते, त्यामुळे मुलांना लाज वाटण्याचे कारणच उरले नाही. वर्षभराचा हा हिशेब पत्राने गांधीजींना कळला, तेव्हा त्यांना थेट भीमाची आठवण झाली.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले आणि या भूमीचेच झाले. पुढे नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवरच जगण्याचा प्रयोग त्यांनी केला. तासन् तास कताई आणि तुटपुंजा आहार यांनी अखेर शरीर खचले. १९३८ मध्ये त्यांचे वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो उरले. मृत्यू जवळ आला असे मानून ते शांत होते. गांधीजी मात्र शांत राहिले नाहीत. औषधोपचार घ्या, थंड हवेच्या ठिकाणी जा, असा त्यांचा आग्रह होता. विनोबांनी त्याऐवजी जवळच्या पवनारचा मार्ग धरला. धाम नदीच्या काठी जमनालालजींचा बंगला होता. नदीचा पूल ओलांडताना साऱ्या चिंता आणि कामांचा भार आपण टाकून दिला, असा संकल्प त्यांनी केला.

मग हातात कुदळ आली. पहिल्या दिवशी त्यांनी पाचच मिनिटे खणले. रोज थोडा वेळ वाढवत ते तासांवर पोहोचले. दम लागला की क्षणभर थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. वर्ष उलटण्याआधी वजन १२८ पौंडांवर गेले. याच जमिनीत खणताना राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प मिळाले. ते आश्रमात प्रतिष्ठापित आहे.

कमावलेले हे बळ त्यांनी मिरवले नाही, कामाला लावले. १९४६ ते १९४८ या काळात खांद्यावर फावडे टाकून ते पवनारहून सुरगावला पायी जात आणि गावातील मैला साफ करीत. पावसात नदीला पूर आला तरी काठापर्यंत जायचे, पलीकडच्या माणसाला हाक मारून गावाचा सफाईवाला येऊन गेल्याचा निरोप द्यायचा आणि परतायचे, असा त्यांचा नेम. स्वच्छतेवर व्याख्यान देण्याची गरजच नव्हती. रोज ठरलेल्या वेळी येणारे ते फावडे गावातली लहान मुले पाहत होती.

मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी विनोबा वर्ध्याहून पायीच निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल, वय ५५. त्याच प्रवासात १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिल येथे हिवतापाने त्यांना मृत्यूच्या दारात नेले. पोटाच्या व्रणाने तर दीर्घकाळ पिच्छा पुरवला. तरीही देशभरची ही पदयात्रा तेरा वर्षे चालली आणि १९६४ मध्ये ते पवनारला परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

मुलांनी मैदानावर जावे असे आज प्रत्येक पालकाला वाटते. स्वतः मात्र दूरचित्रवाणीसमोरून उठवत नाही. अशा घरात उपदेश वाया जातो. विनोबांनी मुलांना धट्टेकट्टे शरीर दाखवले नाही. अशक्त शरीराने सुरुवात कशी करावी, ते दाखवले. ती सुरुवात पाच मिनिटांची होती. तेवढा वेळ शहरातील कोणत्याही आई-वडिलांपाशी असतो.