शेल-शॉक आणि डॉ. चार्ल्स मायर्स

दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाजवळ फुटला की क्षणभर काही ऐकू येत नाही. मग तोफेचा गोळा शेजारी फुटला तर काय होत असेल? हवेच्या दाबाची लाट शरीरातून आरपार जाते, आणि बाहेर जखम दिसेलच असे नाही. महूची छावणी आमच्या इंदूरला अगदी लागून, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

मायर्स यांचा जन्म 1873 साली लंडनला झाला. केंब्रिजमध्ये शिकून ते डॉक्टर झाले, परंतु ओढा मनोविज्ञानाकडे होता. व्हायोलिनही चांगले वाजवीत. 1898 मध्ये टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेलेल्या संशोधकांत ते होते व तेथील गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते 41 वर्षांचे होते. आपणहून फ्रान्सला गेले आणि ल तुके येथे एका कॅसिनोत उघडलेल्या इस्पितळात कामाला लागले. तेथे काही शिपाई आले. गोळे अगदी जवळ फुटलेले, मोठी जखम नाही, पण दृष्टी अधू, वास आणि चव गेलेली, आठवण पुसट. नवल म्हणजे कान जवळजवळ शाबूत! अशा तिघांची हकिकत त्यांनी फेब्रुवारी 1915 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापली. 'शेल-शॉक' हा शिपायांच्या तोंडचा शब्द या लेखामुळे वैद्यकात आला.

पुढे मायर्सनाच तो शब्द खटकू लागला. गोळ्याच्या जवळपासही नसलेल्या शिपायांना तोच त्रास होत होता, तेव्हा मूळ मनावरच्या आघातात आहे असे त्यांना वाटू लागले. सैन्याचा हिशेब मात्र वेगळा होता. शत्रूच्या गोळ्याने झाले तर 'जखमी', म्हणजे बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शन. नाहीतर नुसता 'आजारी'. दोघांचे हात सारखेच थरथरत! आम्हांला ही वाटणी फार कठोर वाटते. रुग्णाला आघाडीजवळच, लवकर व शांत जागी उपचार मिळावेत हा मायर्स यांचा आग्रह होता. वरिष्ठांनी तो अर्धामुर्धाच मानला. 1917 मध्ये तर या शब्दाच्या वापरावरच निर्बंध आले.

युद्धानंतर मायर्स कारखान्यांतील कामगारांच्या मनोविज्ञानाकडे वळले. 1922 च्या सरकारी चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला. तो विषयच त्यांना क्लेशकारक झाला होता. फ्रान्समधील अनुभवांचे पुस्तक लिहिले ते थेट 1940 मध्ये. 1946 मध्ये त्यांचे निधन झाले.

पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात गोळ्या घातलेल्या 306 शिपायांना ब्रिटिश सरकारने 2006 मध्ये माफी दिली. त्यांत शेल-शॉकचे रुग्णही होते. 2016 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्फोटांच्या तडाख्यात सापडलेल्या मृत सैनिकांचे मेंदू तपासले, तेव्हा साध्या तपासणीत न दिसणारे बारीक व्रण त्यांत आढळले.